कापराची पुरचुंडी आणि हिमालयातली धाप

गंगोत्रीहून कालिंदी खाल ही खिंड ओलांडून बद्रीनाथला उतरणाऱ्या ट्रेकची तयारी सुरू झाली की घरून एक गोष्ट हमखास मिळते: रुमालाच्या कोपऱ्यात बांधलेला भीमसेनी कापूर. ‘हुंगत राहा, ऑक्सिजन वाढतो,’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. तो खरा नाही.

हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण समुद्रकाठी २१ टक्के असतं आणि सुमारे ५,९५० मीटरवरच्या कालिंदी खालवरही तेवढंच. घटतो तो हवेचा दाब. तिथे तो जवळजवळ निम्म्यावर येतो, म्हणून प्रत्येक श्वासात ऑक्सिजनही निम्माच मिळतो. कापूर यात काहीच बदलू शकत नाही. त्याच्या वासाने नाकात गारवा जाणवतो, नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, एवढंच.

मला भीती वाटते ती या ‘वाटण्या’चीच. डोकं ठणकतंय, मळमळतंय, पानातली खिचडी तशीच राहिलीय, ही उंची बाधल्याची लक्षणं, तरी कापूर हुंगून माणूस आणखी वरच्या तळावर जातो. चालताना तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर मेंदूला वा फुप्फुसांना सूज आलेली असू शकते. अशा वेळी रात्र असली तरी त्याला खाली उतरवायलाच हवं.

सह्याद्रीत पाय कितीही तयार झालेले असोत, उंचीची सवय व्हायला दिवस लागतातच. ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका, दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबा. उंची बाधू नये म्हणून घेतात ती ॲसिटाझोलामाइडची गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्या. आणि कापूर चघळू तर मुळीच नका. पोटात गेला तर झटके येऊ शकतात.