सुनावणीचा हक्क आणि 'अर्धन्यायिक' निर्णयाची अट : पार्श्वभूमी

नैसर्गिक न्यायाची दोन्ही तत्त्वे (बाधित व्यक्तीचे म्हणणे ऐकावे आणि स्वतःच्या प्रकरणात कोणी न्यायाधीश होऊ नये) प्रशासकीय कायद्याच्या विद्यार्थ्याला तोंडपाठ असतात; मात्र ती कोणत्या निर्णयांना लागू होतात, हा वाद आपल्याकडे सुमारे वीस वर्षे चालला. सर्शिओरारी रिट (कनिष्ठ न्यायालयाचा किंवा अधिकाऱ्याचा निर्णय रद्द करणारा वरिष्ठ न्यायालयाचा आदेश) कधी काढता येते हे सांगताना एका इंग्लिश न्यायमूर्तींनी 1924 मध्ये 'न्यायिक पद्धतीने वागण्याचे कर्तव्य' असा शब्दप्रयोग केला. पुढे त्यालाच स्वतंत्र अटीचे रूप आले : निर्णय 'अर्धन्यायिक', म्हणजे न्यायालयासारखा बाजू ऐकून घ्यायचा असेल तरच रिट, निव्वळ प्रशासकीय असेल तर नाही.

त्या अटीची झळ 1950 च्या मुंबईतील खटल्यात दिसते. सिंधमधून आलेल्या एका निर्वासिताने वॉर्डन रोडवरील फ्लॅटचा भाडेहक्क घेतला होता आणि फेब्रुवारी 1948 मध्ये प्रांतिक सरकारने 1947 च्या अध्यादेशाखाली तो फ्लॅट अधिग्रहित केला. सरकारच्या मते आवश्यक किंवा इष्ट असेल तर सार्वजनिक प्रयोजनासाठी जागा घेता येईल, असा अध्यादेशाचा आशय होता. उच्च न्यायालयाने निर्वासिताच्या बाजूने निकाल दिला. सर्वोच्च न्यायालयातील सहापैकी चार न्यायमूर्तींनी मात्र हा निर्णय प्रशासकीय ठरवून रिट नाकारले. उरलेल्या दोघांचे म्हणणे असे की, आवश्यकता सरकारने ठरवावी, पण प्रयोजन सार्वजनिक आहे की नाही ही वस्तुस्थितीची बाब असून ती केवळ सरकारच्या मतावर सोडता येत नाही. अल्पमताचा हा निकाल मुळातूनच वाचावा, कारण ज्याचे घर जाते त्याच्या दृष्टीने निर्णयाला कोणते नाव दिले याला काहीच अर्थ नसतो.

ब्रिटनमध्ये 1963 साली ही अट मोडीत निघाली. आपल्याकडे 1967 मध्ये एका महिला डॉक्टरची जन्मतारीख परस्पर बदलून तिला सेवानिवृत्त केल्याच्या प्रकरणात, दिवाणी परिणाम घडवणारा, म्हणजे व्यक्तीच्या हक्कांना बाधा आणणारा प्रशासकीय आदेशही सुनावणीविना देता येत नाही, असे ठरले. 1969 मध्ये जम्मू-काश्मीरमधील वनसेवेची निवड रद्द झाली, कारण निवड मंडळातील एक सदस्य स्वतःच उमेदवार होता. स्वतःचे नाव निघाले तेव्हा तो बाजूला झाला, पण प्रतिस्पर्ध्यांना जोखताना तेथेच बसला होता. प्रशासकीय आणि अर्धन्यायिक यांतील रेषा पुसट होत चालल्याचे न्यायालयाने याच निकालात नोंदवले.

पासपोर्टविषयीच्या 1978 च्या निकालाने निष्पक्ष कार्यपद्धतीला राज्यघटनेच्या अनुच्छेद 21 चा (जीवित व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचा) आधार दिला, पण तातडीच्या प्रसंगी निर्णयानंतर सुनावणी देण्याची वाटही मोकळी केली. त्यानंतरचा वाद मुख्यतः सुनावणी कधी आणि किती, याचाच राहिला आहे. कर्जखाते 'फसवणूक' म्हणून वर्गीकृत करण्यापूर्वी कर्जदाराचे म्हणणे ऐकावे, असे मार्च 2023 मध्ये ठरले आणि रिझर्व्ह बँकेच्या 2024 च्या सुधारित निर्देशांत उत्तरासाठी किमान 21 दिवसांची मुदत आली.