फरशीवरच्या स्टिकरचा कोपरा

चाकरमानी गावी पोचायच्या आत रत्नागिरी, कणकवली, कुडाळच्या मोठ्या दुकानांत फरशीवर रंगीत स्टिकर लागतात. मोदकाच्या पिठाकडे नेणारा बाण, अगरबत्तीवरची सूट, टीव्हीची ऑफर. रात्री शटर ओढलं की त्याच फरशीवरून लादी घासून धुणारं मशीन फिरतं, आणि गौरी जेवून जायच्या आतच बऱ्याच स्टिकरांचे कोपरे उभे राहिलेले असतात. मग छापणारा मशीनला बोल लावतो आणि मशीनवाला गोंदाला. गोंद बहुतेक वेळा बरा असतो. भानगड असते ती स्टिकरच्या कडेच्या शेवटच्या मिलिमीटरभर पट्टीत.

स्टिकरमागचा गोंद म्हणजे ॲक्रिलिकचा मऊ थर. लाकडाच्या गोंदासारखा तो वाळून कडक होत नाही, कायम किंचित वाहता राहतो, आणि तेच त्याचं बळ. फरशी हाताला गुळगुळीत लागली तरी बारकाईने पाहिली तर खड्ड्याखळग्यांचीच असते. गोंद त्या खळग्यांत उतरला तरच रेणूंमधलं आकर्षण कामाला येतं, कारण या व्हॅन डर वाल्स बलांची पोच जेमतेम काही नॅनोमीटरची. अमेरिकेतल्या थ्रीएम कंपनीतले कार्ल डालक्विस्ट यांनी १९६० च्या दशकात याला एक ठोकळ मर्यादा घालून दिली. गोंदाचा ताठरपणा साधारण तीन लाख पास्कलच्या (पास्कल हे दाबाचं आणि ताठरपणाचं माप) खाली हवा. त्याहून कडक गोंद दाबूनही नीट टेकत नाही.

हे खळग्यांत उतरणं सावकाश चालतं. चांगला ॲक्रिलिक गोंद चोवीस तासांत बराचसा बसतो आणि पूर्ण जोर धरायला बहात्तर तासांपर्यंत घेतो. आपल्याकडे रात्री नऊला स्टिकर लावून अकराला मशीन फिरवतात.

आता कडेकडे येऊ. चिकटपट्टीचा एक तुकडा लोखंडी कपाटाच्या दाराला लावा आणि तिचं टोक दाराला समांतर खाली ओढा. पट्टी जागची हलत नाही. तेच टोक दारापासून काटकोनात ओढा, सरसर निघून येईल. समांतर ओढताना पट्टीखालचा सगळा गोंद जोर वाटून घेतो. उचलून ओढताना तो सगळा एकाच रेषेवर येतो. याचं गणित रिव्हलिन या शास्त्रज्ञाने १९४४ मध्ये मांडलं आणि केंडॉल या दुसऱ्या शास्त्रज्ञाने १९७५ मध्ये ताणल्या जाणाऱ्या पट्ट्यांसाठी ते पुढे नेलं. सोलायला लागणारं बल एक वजा कोनाचा कोसाइन याच्या व्यस्त प्रमाणात असतं. काटकोनात ते एक धरलं, तर तीस अंशांत साडेसातपट लागतं आणि दहा अंशांत जवळपास सहासष्टपट.

म्हणजे कड फरशीला सपाट टेकलेली असेल, तर ब्रशने कितीही आडवं ढकललं तरी स्टिकरला काही होत नाही. पण ती अर्धा मिलिमीटर जरी उचलली, तरी ब्रशचा केस तिच्याखाली शिरतो, कोन मोठा होतो आणि गणित उलटतं. चौकोनी कोपऱ्याची गत तर आणखी वाईट, कारण टोकाशी पट्टीची रुंदीच शून्य, म्हणजे सुरुवात करायला लागणारा जोरही नगण्य. म्हणून फरशीच्या स्टिकरचे कोपरे छापतानाच गोल कापून घ्यावेत. यासाठी छापणाऱ्याला सहसा जास्त पैसे द्यावे लागत नाहीत, तरी गिऱ्हाईक ते मागत नाही.

मशीनचा हिशेब करून पाहू. अर्धा मीटर व्यासाचा ब्रश मिनिटाला १८० फेरे घेत असेल, तर त्याची कड सेकंदाला पावणेपाच मीटर वेगाने घासत जाते. मशीन चालण्याच्या वेगाने पुढे सरकलं तर एका जागेवर ब्रशचा दीडेक फेरा होतो. ते सोसतं. पण मशीन चालवणाऱ्याचा फोन वाजला आणि ब्रश चालू ठेवून तो दहा सेकंद थांबला, की त्याच जागेवर तीस फेरे झाले, वर घर्षणाची ऊब. गरम गोंद आणखी मऊ पडतो. मागच्या बाजूला घाण पाणी ओढून घेणारी रबरी पट्टी असते. मशीन पुढे जाताना ती निमूट घसरत येते. ती न उचलता मशीन मागे घेतलं तर रबराची धार उलटी होऊन नेमकी स्टिकरच्या कडेखाली घुसते. माझ्या मते ब्रशपेक्षा हे मागे येणंच जास्त स्टिकर खातं.

ब्रशऐवजी पॅड लावत असाल तर रंग बघा. पांढरा सर्वांत मऊ, लाल रोजच्या सफाईचा, हिरवा घासण्याचा आणि काळा जुनं पॉलिश खरवडून काढण्याचा. स्टिकर असलेल्या फरशीवर लालच्या पुढे जाऊ नये.

इथवरचं सगळं नागपुरातही लागू पडेल. कोकणात त्यात पाण्याची भर पडते. बाहेर २८ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता असेल तर हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातल्या वाफेचं पाणी होऊ लागतं तो, २६ अंशांच्या आसपास येतो. एसीने २४ अंशांपर्यंत गार झालेल्या लादीवर ही हवा आली की लादीला घाम फुटतो, दाराजवळ सगळ्यात आधी. अशा लादीवर लावलेला स्टिकर फरशीला न चिकटता पाण्याच्या पापुद्र्यावर बसतो. ऐन श्रावणात, दार सताड उघडं ठेवून स्टिकर लावायला घेऊ नयेत ते यासाठी.

मिठाचं तर वेगळंच. खाऱ्या वाऱ्याबरोबर आणि रत्नागिरीच्या मिरकरवाडा मासेमारी बंदराच्या बाजूने आलेल्या पावलांबरोबर थोडं मीठ फरशीवर येतंच. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच पाणी ओढून विरघळतं, आणि आपल्याकडे पावसाळ्यात ती दिवसचे दिवस त्याच्या वरच असते. त्यामुळे कडेच्या फटीत अडकलेलं मीठ सुकू म्हणत नाही. त्यात साबणाचं पाणी. साध्या पाण्याचा पृष्ठताण मीटरला ७२ मिलिन्यूटन, म्हणून ते प्लॅस्टिकवर थेंब धरून बसतं. साबणाने तो तिशीपर्यंत उतरतो आणि तेच पाणी पसरत कडेखाली शिरतं. पाइन तेलाचं फिनाईल असेल तर ते गोंदालाही मऊ करतं. जांभ्याची लाल धूळ आणि पुळणीची वाळू ब्रशखाली पॉलिश पेपरचं काम करतात. वाळूतलं क्वार्ट्झ काचेवर ओरखडे काढतं, तिथे स्टिकरच्या विनाइल प्लॅस्टिकचा काय पाड! दारात जाड पायपुसणं टाकलं तरी यातलं बरंच बाहेर राहतं.

स्टिकर लावण्याआधी फरशी नुसती पुसून भागत नाही. मेणाचं पॉलिश असेल तर गोंद मेणाला चिकटतो आणि मेणासकट निघतो. आधी साबणाने धुऊन, स्वच्छ पाणी मारून, पूर्ण सुकवून, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी. स्टिकर शक्यतो एकाच लादीवर बसवावा. दोन लाद्यांच्या सांध्यावरून गेला की खाली हवेचा बोगदा राहतो आणि पाण्याला वाट मिळते. रोलर मधून कडेकडे फिरवावा आणि कडेला कड बंद करण्याचं द्रव्य लावावं. विनाइलही पाहून घ्यावं. रोलरांमधून दाबून बनवलेल्या स्वस्त फिल्ममध्ये ताण शिल्लक असतो, ती काही दिवसांनी आक्रसते आणि कडेला गोंदाची उघडी रेघ सोडते. तिथे धूळ बसून काळी किनार दिसू लागते. पातळ ओतून वाळवलेली फिल्म फारच कमी आक्रसते, पण महाग पडते. दोन आठवड्यांच्या ऑफरसाठी ती कोणी घेणार नाही, आणि घेऊही नये. वरचं लॅमिनेशन मात्र खडबडीत, फरशीसाठीचंच हवं. भिंतीचा गुळगुळीत स्टिकर ओल्या पायाखाली आला तर सुटलेला कोपरा ही सगळ्यात किरकोळ काळजी ठरेल.

एवढं करूनही एखादा कोपरा उठतोच. तो अंगठ्याने परत दाबायचा मोह आवरावा. उघड्या गोंदावर धूळ बसलेली असते, त्यामुळे तो पुन्हा धरत नाही, आणि रात्री मशीन तिथूनच सुरुवात करतं. त्याऐवजी सुटलेला भाग कटरने गोलाकार कापून टाकावा, नवी कड अल्कोहोलने पुसून, सुकवून बंद करावी, आणि त्या रात्री तेवढ्या लादीवर मशीन न नेता हातानेच पोचा मारावा.