बिनचं नाव बदलून आयएसओ होत नाही

जुन्या संगणक मासिकासोबत आलेली सीडी कुणीतरी मेहनतीने कॉपी करून जपून ठेवतं, आणि वर्षांनी ती फाइल आपल्या हाती आली की उघडतच नाही. बिन आणि आयएसओ हे सीडीच्या इमेजचे, म्हणजे सीडीवरून फाइलीत उतरवलेल्या प्रतीचे, दोन प्रकार. बऱ्याचदा आत असतं बिन आणि नावापुढे लावलेलं असतं आयएसओ. याच्या उलट प्रकार त्याहून वाईट. जिची बिन-क्यू (बिन आणि सोबतची छोटी क्यू फाइल) करायला हवी होती त्या सीडीची आयएसओ केलेली असते, आणि सीडीचा मोठा भाग त्यात आलेलाच नसतो. ‘दोन्ही इमेजच ना, मग काय फरक पडतो?’ हे इतक्यांदा ऐकलंय की एकदा सविस्तर लिहून टाकलेलं बरं.

आयएसओ तुम्हाला माहीत आहेच. विंडोज ८ पासून डबल क्लिक केलं की नवा ड्राइव्ह दिसतो आणि फाइली समोर येतात. नाव १९८८ च्या आयएसओ ९६६० या मानकावरून पडलं. पुढे जाऊ.

बिन समजायला सीडीचा सेक्टर, म्हणजे सीडीवरच्या माहितीचा ठरावीक मापाचा तुकडा, समजावा लागतो. सीडीवरचा प्रत्येक सेक्टर २३५२ बाइटांचा. गाण्यांच्या सीडीत हे सगळेच्या सगळे बाइट आवाजाचे असतात. सेकंदाला ७५ सेक्टर वाचले जातात, म्हणजे एका सेक्टरात सेकंदाचा पंचाहत्तरावा भाग. ओरखड्यामुळे त्यातले दोन-चार बाइट चुकले तरी कानाला सहसा कळत नाही. प्रोग्रॅमचं तसं नाही. तिथे एक बाइट चुकला तरी सगळं कोसळू शकतं. म्हणून डेटाच्या सेक्टरात त्याच २३५२ बाइटांची वाटणी वेगळी केली: सेक्टरची सुरुवात ओळखायला १२, पत्त्याला ४, खरा डेटा २०४८, तपासणीला ४, रिकामे ८ आणि चूक दुरुस्त करायला तब्बल २७६.

बिनमध्ये हे २३५२ बाइट जसेच्या तसे उतरतात. आयएसओमध्ये फक्त मधले २०४८ येतात. म्हणून ७४ मिनिटांची पूर्ण भरलेली डेटा सीडी आयएसओ म्हणून साधारण ६५० एमबी भरते आणि बिन म्हणून ७४७.

इथवर आलं की लोक म्हणतात, बिन म्हणजे आयएसओ आणि वरचा पसारा. पसारा काढला की झालं. डेटाच्या ट्रॅकपुरतं (ट्रॅक म्हणजे सीडीवरचा एक सलग भाग, गाण्यांच्या सीडीत एक गाणं) हे खरंही आहे. तपासणीचे आणि दुरुस्तीचे बाइट डेटावरून पुन्हा काढता येतात, त्यामुळे एकच साधा डेटा ट्रॅक असलेल्या सीडीची आयएसओ मी निःशंकपणे ठेवते. पण आवाजाच्या सेक्टरात ‘मधले २०४८’ नावाचं काही नसतंच. तिथे काढून टाकण्यासारखा पसाराच नाही, सगळा आवाज आहे. आयएसओच्या साच्यात त्याला जागा नाही. म्हणून डेटा आणि गाणी दोन्ही असलेल्या मिश्र सीडीची आयएसओ करायला सांगितली की हाती येतो तो डेटाचा ट्रॅक. गाणी मागे राहतात. फाइल नीट उघडते, फोल्डर दिसतात, आणि आपण सगळं वाचवलं असं वाटत राहतं.

मासिकांच्या सीडींत हा धोका खरा आहे, कारण पहिला ट्रॅक डेटाचा आणि दुसऱ्यापासून पुढे संगीत, अशा मिश्र सीडी त्या काळात निघत होत्या. काही गेम आपलं संगीत थेट या ट्रॅकांवरून वाजवायचे. आयएसओवरून असा गेम चालवला तर तो चालतो, पण संगीताशिवाय. मूळ सीडी तोवर कुणी फेकून दिली असेल तर ते संगीत परत मिळवायचा मार्ग उरत नाही. म्हणून आयएसओ करण्याआधी सीडीवर ट्रॅक किती आहेत ते मोजा. एकाहून जास्त असतील तर बिन-क्यू. यात मी तडजोड करत नाही.

आता क्यू. ही चार ओळींची साधी मजकूर फाइल, म्हणून लोक ती फालतू समजून काढून टाकतात. याची मला खरोखर चीड येते. बिन हा बाइटांचा सलग ढीग आहे. कोणता ट्रॅक कुठे सुरू होतो, डेटाचा कोणता आणि आवाजाचा कोणता, हे फक्त क्यूत लिहिलेलं असतं. एकच डेटा ट्रॅक असेल तर हरवलेली क्यू हाताने लिहिता येते. पंधरा ट्रॅक असतील तर अंदाज करत बसावं लागतं. आणि बिनचं नाव बदललंत तर क्यूच्या पहिल्या ओळीतलंही बदला, नाहीतर जोडी तुटते.

हातातली फाइल नक्की कोणती, हे नावावरून ठरवू नका. हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलीतले बाइट जसेच्या तसे दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, उघडा. डेटा ट्रॅकने सुरू होणाऱ्या बिनची सुरुवात ००, मग दहा वेळा एफएफ, मग पुन्हा ०० अशी होते. आयएसओत ही खूण नसते. तिथे ३२७६९ व्या स्थानावर ‘सीडी००१’ ही अक्षरं सापडतात. नाव बदललेली बिन विंडोजमध्ये माउंट केली, म्हणजे ड्राइव्हसारखी लावली, तर इमेज खराब असल्याचा संदेश येतो आणि लोक चांगली प्रत पुसून टाकतात. काही प्रोग्रॅम अशी फाइल मुकाट उघडून देतात, त्यामुळे चुकीचं नाव तसंच पुढे जातं. फक्त आतल्या फाइली बघायच्या असतील तर बीचंक हे छोटं साधन क्यू वाचून डेटाची आयएसओ आणि गाण्यांच्या वेव्ह फाइली वेगळ्या काढतं. मूळ जोडी मात्र ठेवा.

तोच खराब असल्याचा संदेश निव्वळ मॅकसाठीच्या सीडीच्या अगदी निर्दोष इमेजवरही येतो, कारण तिच्यावर एचएफएस ही वेगळी फाइलरचना असते. आयएसओ ९६६० ने सुरुवातीचे ३२७६८ बाइट मोकळे सोडलेत, त्यामुळे एकाच सीडीवर दोन्ही रचना नांदू शकतात. अशा वेळी विंडोज आपला अर्धा भाग दाखवतं आणि मॅकचा भाग दिसतच नाही. जुनं एचएफएस मॅकओएसनेही कॅटालिनापासून, म्हणजे २०१९ पासून, वाचणं सोडलं. बॅसिलिस्क २ सारख्या, जुन्या मॅकची नक्कल करणाऱ्या एम्युलेटरमध्ये ती सीडी लावा.

सीडीतल्या फाइली फोल्डरमध्ये ओढून केलेली झिप? तिला इमेज म्हणू नका, एवढंच.

जुने डॉस प्रोग्रॅम चालवायचे असतील तर डॉसबॉक्स या डॉसच्या एम्युलेटरमधल्या आयएमजीमाउंट (imgmount) आज्ञेला बिन नव्हे, क्यू द्या. मग गेममधलं संगीतही ट्रॅकवरून वाजेल.