कपाळ ठणकतं, कळ मानेतली

काजूच्या कारखान्यातून काकी घरी येते ती कपाळाला फडकं आवळूनच. दिवसभर हातात छोटी सुरी, मांडीवर सूप, आणि गराची साल काढायची. गर तुटला की भाव पडतो, त्यामुळे मान वर करायची सोय नाही. परवा मी तिच्या मानेच्या वरच्या टोकाला, कवटीखालच्या खळग्यात अंगठा दाबला. ती कळवळली, "कपाळ ठणकता, नि मान कित्याक चेपतस रे?" आणि क्षणभराने, "थांब, हयसूनच येता हा!"

तिचं बरोबर होतं. मानेच्या वरच्या तीन नसा आणि कपाळाची ट्रायजेमिनल नस मेंदूच्या देठापाशी एकाच पेशींच्या जाळ्यात येऊन मिळतात. सांगावा मानेतून आला तरी मेंदू पत्ता कपाळाचा लावतो. खुद्द मेंदूला दुखणं कळतच नाही. दुखतात ती त्याची आवरणं, रक्तवाहिन्या आणि बाहेरचे स्नायू.

१९६२ च्या अमेरिकी वर्गीकरणात या दुखण्याला 'स्नायू आकसण्याची डोकेदुखी' म्हटलं होतं. पण तारा लावून मोजलं तेव्हा अनेकांचे स्नायू फारसे आकसलेले नव्हतेच, दाबल्यावर दुखत मात्र होते. म्हणून १९८८ मध्ये 'टेन्शन-टाइप' असं जरा सावध नाव आलं. माझ्या मते त्या नावानेही घोटाळाच केला: लोकांना वाटतं, डोक्याला ताप आहे म्हणून डोकं दुखतं. चिंतेने, जागरणाने दुखणं वाढतं हे खरं. पण वारंवार दुखलं की वेदनेची यंत्रणाच हळवी होते. मग साधा ताणही तिला कळ वाटतो.

ओळख सोपी आहे. दोन्ही बाजूंनी, पट्टा आवळल्यासारखं, अर्धा तास ते आठवडाभर. घाटी चढली म्हणून वाढत नाही, उलटी होत नाही. एका बाजूला ठोके पडतात, मळमळतं, उजेड नको वाटतो, तो बहुधा मायग्रेन.

अधूनमधून पॅरासिटामॉल घ्यायला हरकत नाही. पण महिन्यात १५ किंवा जास्त दिवस साध्या गोळ्या, किंवा कॅफीन घातलेल्या मिश्र गोळ्या १० दिवस, असं काही महिने चाललं की गोळीच डोकं दुखवू लागते. पिशवीत पाकीट घेऊन फिरणाऱ्या बायका मी इथे कितीतरी पाहिल्यात. दुखलेले दिवस आणि घेतलेल्या गोळ्या कॅलेंडरवर खुणावल्या, तर डॉक्टरांचं अर्धं काम होतं. महिन्यातले १५ दिवस, असे तीन महिन्यांहून जास्त दुखत असेल, तर कमी मात्रेत अमिट्रिप्टिलीनसारखं प्रतिबंधक औषध ते देऊ शकतात.

पावसाळ्यात मात्र अंदाज बांधत बसू नका. चिखलात लावणी करून आल्यावर ताप, डोकेदुखी आणि पोटऱ्या ठणकत असतील, तर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या मुताने दूषित पाण्या-चिखलातून होणारा ताप) शंका घेऊन त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. डेंग्यूही असू शकतो, म्हणून आयब्युप्रोफेन टाळावं. अचानक विजेसारखी कळ, ताठलेली मान, अडखळती जीभ, हातापायातली ताकद जाणं, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं दुखणं, हेही घरी सांभाळायचं नाही.

काकीने आता सूप मांडीवरून उचलून आंब्याच्या खोक्यावर ठेवलंय, म्हणजे गर डोळ्यांजवळ येतो आणि मान कमी वाकते. तासाभराने उठून पाणी पिते, खांदे फिरवते, रात्री मानेला गरम कपड्याचा शेक घेते. फडकं आता आठवड्यातून एखाद्या दिवशीच बांधते. ते मी सोडायला सांगितलेलं नाही.