अवकाशातला कचरा : गोळ्यांमागची पार्श्वभूमी आणि २५ वर्षांच्या मुदतीचा वाद

२०२२ सालच्या गुढीपाडव्याच्या संध्याकाळी गुजरात, मध्य प्रदेश आणि महाराष्ट्राच्या आकाशातून पेटत्या रेघा सरकत गेल्या. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात धातूची भली मोठी कडी आणि गोळे सापडले. महिना-सव्वा महिन्याने, १२ मे रोजी, तसलेच गोळे आणंद जिल्ह्यातल्या भालेज, खंभोळज आणि रामपुऱ्यात पडले. पाठोपाठ मही नदीच्या अलीकडून, बडोदे जिल्ह्यातल्या सावली तालुक्यातूनही तशीच बातमी आली. तेव्हापासून बडोद्यात अवकाशातला कचरा म्हटले की लोकांना गोळाच आठवतो. खरे तर खाली पडलेला गोळा म्हणजे वरच्या हिशोबातून वजा झालेला कचरा. त्रास आहे तो न पडणाऱ्यांचा.

गोळ्यांचे कोडे फार अवघड नाही. रॉकेटच्या वरच्या टप्प्यात इंधनाच्या टाक्यांवर दाब ठेवायला हेलियमच्या गोल बाटल्या बसवलेल्या असतात. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, टायटेनियमला १६६८ अंश लागतात. शिवाय पोकळ गोळा आकाराच्या मानाने हलका असल्याने हवेत लवकर मंदावतो आणि शाबूत खाली येतो. पाडव्याचा टप्पा २०२१च्या फेब्रुवारीत उडालेल्या चिनी लाँग मार्च ३बी रॉकेटचा, आणि मे महिन्यातले गोळेही त्याच जातीच्या रॉकेटचे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. असा टप्पा नेमका कुठे पडेल हे आधी सांगता येत नाही, कारण उतरण्याच्या सुमारास त्याचा वेग सेकंदाला साडेसात किमीच्या वर असतो. बडोदे ते सिंदेवाही हे सरळ रेषेतले सुमारे ७०० किमी अंतर तो दीड मिनिटात कापतो. अंदाज तेवढाच चुकला तरी जिल्हाच काय, राज्य बदलते. (शेतात असे काही सापडले तर हात लावू नये, पोलिसांना कळवावे. हेलियमची बाटली निरुपद्रवी असते, पण हायड्राझिन या इंधनाची टाकी बाहेरून तशीच दिसते आणि ते रसायन विषारी आहे. शिवाय १९६७च्या आंतरराष्ट्रीय अवकाश करारानुसार वस्तूची मालकी पाठवणाऱ्या देशाकडेच राहते.)

अवकाशयुगाची पहिली वीस वर्षे कुणी या कचऱ्याकडे फारसे पाहिले नाही. १९६१च्या जूनमध्ये एका अमेरिकी रॉकेटचा वरचा टप्पा कक्षेत फुटला आणि एका दिवसात नोंदीतल्या वस्तूंची संख्या कित्येक पटींनी वाढली, तरी तो अपघात म्हणून सोडून दिला गेला. तुकडे तुकड्यांवर आदळून आणखी तुकडे होत जातील आणि ही साखळी आपोआप चालू राहील, हे गणित दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९७८ साली मांडले.

सत्तरीच्या दशकात अमेरिकी डेल्टा रॉकेटांचे वरचे टप्पे एकामागून एक फुटत होते, कधी काम संपून महिने-वर्षे उलटल्यावर. टाकीत उरलेले इंधन आणि ऑक्सिडायझर (इंधन जाळायला लागणारा दुसरा द्रव) यांच्यामध्ये एकच पडदा होता. उन्हाने तापून दाब वाढे, पडदा फाटे, आणि एकमेकांना शिवताच पेटणारे ते दोन द्रव एकत्र येत. उपाय साधा निघाला : काम झाल्यावर उरलेले इंधन जाळून टाका किंवा बाहेर सोडा, हेलियमचा दाब उतरवा, बॅटरीचे चार्जिंग तोडा. शेवटचे कलम किरकोळ वाटते, पण २०१५ मध्ये एक जुना अमेरिकी हवामान उपग्रह बॅटरीपायीच फुटला.

आपल्याकडे हा धडा २००१ मध्ये मिळाला. पीएसएलव्ही रॉकेटचा चौथा टप्पा उपग्रह सोडून दोन महिने होत नाहीत तोच फुटला आणि तीनशेहून अधिक तुकड्यांची नोंद झाली. त्यानंतरच्या उड्डाणांपासून हा टप्पा रिकामा करण्याची सोय झाली. या विषयातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी निर्णय कोणता, तर हाच. वर्तमानपत्रांत मात्र त्याला जागा मिळाली नाही.

जागा मिळाली ती क्षेपणास्त्रांना. ११ जानेवारी २००७ रोजी चीनने सुमारे ८६५ किमी उंचीवरचा आपलाच जुना उपग्रह फोडला. तीन हजारांहून अधिक तुकडे नोंदले गेले आणि त्या उंचीवर हवा जवळजवळ नसल्याने बरेचसे अजून फिरत आहेत. १० फेब्रुवारी २००९ रोजी ७८९ किमीवर एक चालू अमेरिकी आणि एक बंद पडलेला रशियन उपग्रह आदळले. भारताची २०१९ची अशीच चाचणी २८० किमीच्या आसपास झाली, म्हणून तिचे परिणाम लवकर ओसरले. तरी ‘४५ दिवसांत सगळे खाली येईल’ हे तेव्हाचे सांगणे खरे ठरले नाही. धडकेत काही तुकडे वर फेकले गेले आणि नोंदीतला शेवटचा तुकडा उतरायला २०२२ उजाडले.

सर्वांत जास्त शाई सांडली ती २५ वर्षांच्या नियमावर. हा आकडा १९९०च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेत कागदावर आला आणि २००२ मध्ये अवकाश संस्थांच्या समन्वय समितीने तो उचलला : काम संपल्यावर उपग्रह किंवा टप्पा २५ वर्षांच्या आत वातावरणात उतरला पाहिजे. २००७च्या जागतिक मार्गदर्शक सूचनांतून मात्र आकडाच गायब झाला. ‘दीर्घकाळ राहू नये’ असे मोघम लिहून विषय मिटवला.

आकड्यामागे इंधनाचा हिशोब आहे. ८०० किमीच्या गोल कक्षेतला १ टनाचा उपग्रह घ्या. कक्षेचे खालचे टोक ५०० किमीवर आणायला वेग सेकंदाला सुमारे ८० मीटरने कमी करावा लागतो. हायड्राझिनच्या छोट्या इंजिनांना त्यासाठी ३५ ते ४० किलो इंधन पुरते. उरलेले काम विरळ हवा काही दशकांत करते. तोच उपग्रह ठरवलेल्या जागी थेट समुद्रात पाडायचा तर २०० मीटरच्या वर जावे लागते, म्हणजे इंधन ९० किलोच्या पुढे. या फरकाच्या ५०-५५ किलोंत एखादे जादा उपकरण बसते. मालक कुठल्या बाजूने बोलणार हे उघड होते.

नियमाच्या बाजूने खरा मुद्दाही होता. पुढच्या दोनशे वर्षांची गणिते मांडली तर २५ची ५ वर्षे करून फायदा थोडाच दिसतो. आहे तो नियम सगळ्यांनी पाळल्यास फायदा मोठा. पण घोडे तिथेच अडले. मुदत मोजायची काम संपल्यापासून, आणि काम कधी संपले हे ठरवणार मालक. युरोपचा एन्व्हिसॅट पाच वर्षांसाठी २००२ मध्ये गेला. तो ठणठणीत म्हणून २०१० मध्ये त्याची मुदत वाढवली. एप्रिल २०१२ मध्ये तो एकाएकी मुका झाला. टाकीत इंधन होते, पण आज्ञा ऐकणारे कुणी उरले नव्हते. आज ८ टनांचे ते धूड ७७० किमीच्या आसपास फिरते आहे आणि शतकभर तरी उतरायचे नाही. २५ वर्षांची ऐसपैस मुदत अशा ‘बघू पुढे’ वृत्तीला पोसते, हा टीकाकारांचा आक्षेप रास्तच म्हणावा लागेल.

२०२२ मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाने परवान्यासाठी ५ वर्षांची अट घातली, ती सप्टेंबर २०२४ पासून लागू झाली. तिलाही एक पाचर आहे. वरची हवा सूर्याच्या ११ वर्षांच्या चक्राप्रमाणे फुगते-आकसते. २५ वर्षांत दोन चक्रे बसतात आणि सरासरी निघते. ५ वर्षे नेमकी शांत काळात आली तर गणितात पास झालेला उपग्रह वरच रेंगाळतो. उलट फेब्रुवारी २०२२ च्या सौरवादळाने नुकत्याच सोडलेल्या ४९ इंटरनेट उपग्रहांपैकी ३८ काही दिवसांत खाली ओढले.

भारताने दोन्ही वाटा चालून पाहिल्या : कक्षा खाली आणून बाकीचे हवेवर सोडणे आणि थेट समुद्रात पाडणे. चीनच्या २००७च्या चाचणीच्या आदल्याच दिवशी श्रीहरिकोट्याहून गेलेला कार्टोसॅट-२ (६८० किलो) आपसूक उतरायला सुमारे तीस वर्षे लागली असती. उरलेले २६ किलो इंधन खर्चून त्याची कक्षा ६३५ वरून ३८० किमीवर आणली आणि १४ फेब्रुवारी २०२४ रोजी तो हिंदी महासागरावर जळाला. ८६७ किमीवरचा मेघा-ट्रॉपिक्स तर पाडायच्या हेतूने बांधलेलाच नव्हता. पण टाकीत सव्वाशे किलोच्या आसपास इंधन शिल्लक होते. ऑगस्ट २०२२ पासून टप्प्याटप्प्याने खाली आणून ७ मार्च २०२३ रोजी त्याला प्रशांत महासागरात बुडवले. २०३० पासून एकही कचरा मागे न सोडण्याचे उद्दिष्ट २०२४ मध्ये जाहीर झाले आहे. दरम्यान गर्दीची किंमत चालूच आहे : चांद्रयान-३ चे उड्डाण संभाव्य टक्कर टाळण्यासाठी ४ सेकंद पुढे ढकलावे लागले.

यातला कुठलाही नियम जुन्या मालाला लागू नाही. ८४० किमीच्या आसपास सोव्हिएत बनावटीचे, प्रत्येकी सुमारे ९ टनांचे दीड डझन टप्पे फिरत आहेत आणि १९६७च्या करारानुसार मालकाच्या परवानगीविना त्यांना कुणी हात लावू शकत नाही. जपानच्या एका छोट्या यानाने २०२४ मध्ये एका जुन्या रॉकेट टप्प्याच्या १५ मीटरपर्यंत जाऊन पाहणी केली. तो टप्पा जपानचाच होता. पकडून खाली आणण्याचे काम पुढच्या यानावर सोपवले आहे.