रिटायर लोकांची शाळा आणि सहल: तुलूझपासून आपल्या ज्येष्ठ नागरिक संघापर्यंत

मुलाकडे मेलबर्नला किंवा लंडनजवळ कुठेतरी पाच-सहा महिने राहून परत आलेल्या आईबाबांच्या तोंडी हल्ली यूथ्रीए (युनिव्हर्सिटी ऑफ द थर्ड एज, म्हणजे आयुष्याच्या तिसऱ्या टप्प्यातल्या लोकांची युनिव्हर्सिटी) हे नाव हमखास येतं. तिकडे म्हणे साठी ओलांडलेली मंडळी आठवड्यातून एकदा कोणाच्या तरी घरी नाहीतर चर्चच्या हॉलमध्ये जमतात, एक जण इटालियन शिकवतो, एक बाई सगळ्यांना पक्षी बघायला घेऊन जातात, फी जवळजवळ नाहीच, परीक्षा नाही, सर्टिफिकेट नाही. मग इथे संघाच्या मीटिंगला विषय निघतो की आपल्याकडे असं काही का नाही. आता आपल्याकडे अजिबातच नाही असं काही नाही, पण तिकडचं तसं का झालं आणि आपलं असं का झालं हे कळायला जरा मागे जावं लागतं.

मुळात रिटायर होणं हाच प्रकार फार जुना नाही. जर्मनीत बिस्मार्कच्या काळात १८८९ ला म्हातारपणीच्या पेन्शनचा कायदा झाला तेव्हा वयाची अट ७० होती, तेवढं जगून पेन्शन घेणारे कामगार किती असणार तुम्हीच बघा. आपल्याकडे १९५१ च्या सुमाराला सरासरी आयुर्मान बत्तीसच्या आसपास होतं (बालमृत्यू खूप, म्हणून आकडा इतका खाली), आता ते सत्तरच्या घरात आलंय. राज्य सरकारच्या नोकरीतला माणूस ५८ ला निरोपसमारंभ, शाल-श्रीफळ घेऊन घरी येतो आणि त्यानंतर धडधाकट अशी पंधरा-वीस वर्षं त्याच्यापुढे असतात, आणि या वर्षांचं काय करायचं हे त्याच्या वडलांना कधी ठरवावंच लागलेलं नसतं.

फ्रान्समध्ये हा प्रश्न आपल्या आधी आला. १९६८ च्या विद्यार्थी आंदोलनानंतर तिथे युनिव्हर्सिट्यांचा कायदा बदलला आणि नुसती पोरं नाही तर मोठ्यांना शिकवत राहणं हेही युनिव्हर्सिटीचं काम आहे असं त्यात आलं, पुढे १९७१ ला नोकरदारांच्या शिक्षणाचा वेगळा कायदा झाला. तुलूझमध्ये सामाजिक शास्त्रांच्या युनिव्हर्सिटीत पिएर व्हेलास नावाचे प्रोफेसर होते, त्यांनी वृद्धाश्रम वगैरे ठिकाणी म्हातारे लोक कसे दिवस काढतात ते बघितलं आणि १९७३ ला थेट युनिव्हर्सिटीतच त्यांच्यासाठी वर्ग चालू केले. रिटायरमेंटचं वय झालेलं असलं, एक साधा फॉर्म भरला आणि नाममात्र फी दिली की झालं. व्याख्यानांच्या जोडीला व्यायाम, योग, आसपासच्या सहली हेही पहिल्यापासून होतं, कारण म्हातारपण अभ्यासणाऱ्या डॉक्टरांनाही या प्रयोगात रस होता, लोकांची तब्येत सुधारते का हे त्यांना बघायचं होतं. दोन वर्षांत म्हणजे १९७५ ला अशा युनिव्हर्सिट्यांची आंतरराष्ट्रीय संघटनासुद्धा झाली, आणि त्याच वर्षी पोलंडमध्ये वॉर्सात हालिना श्वार्त्स या डॉक्टर बाईंनी तिथली पहिली चालू केली. कम्युनिस्ट राजवटीत हे चालू झालं आणि टिकलं, मला तर याचंच जास्त कौतुक वाटतं.

या फ्रेंच पद्धतीत एक गोष्ट पक्की होती, शिकवणार प्रोफेसर आणि ऐकणार म्हातारे. समोर स्टेज, मागे खुर्च्या. खुर्च्यांवरचा माणूस जन्मभर रेल्वेचा सिग्नल इंजिनिअर असो नाहीतर चाळीस वर्षं दवाखाना चालवलेली डॉक्टर, तिथे तो फक्त श्रोता.

अमेरिकेत मात्र याच्याही आधी वेगळं घडलं होतं. १९६२ ला न्यूयॉर्कच्या न्यू स्कूलमध्ये रिटायर्ड शाळामास्तरांच्या एका ग्रुपने जागा मिळवली आणि आपले वर्ग आपणच घ्यायला लागले, बाहेरून कोणी बोलवायचंच नाही. १९७५ ला न्यू हॅम्पशायरमध्ये अजून एक गंमत झाली. मार्टी नॉल्टन हे गृहस्थ पाठीला सॅक लावून युरोपभर फिरून आले होते, तिथली युथ हॉस्टेलं आणि स्कँडिनेव्हियातल्या मोठ्या माणसांसाठीच्या लोकशाळा त्यांनी बघितल्या होत्या, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत कॉलेजांच्या खोल्या रिकाम्या पडलेल्या असतात हे डेव्हिड बियान्को या युनिव्हर्सिटीत काम करणाऱ्या मित्राला चांगलं माहीत होतं. दोघांनी मिळून पाच कॉलेजांत साठीच्या पुढच्या लोकांना बोलवलं, आठवडाभर होस्टेलवर राहायचं, मेसमध्ये जेवायचं, सकाळी वर्ग आणि दुपारी भटकंती. पहिल्या उन्हाळ्यात २२० लोक आले. एल्डरहॉस्टेल नावाने ते पुढे एवढं वाढलं की जगभर अभ्यास-सहली काढणारी मोठी संस्था झाली. शिकणं आणि फिरणं एकाच पाकिटात घालायची आयडिया पुष्कळशी इथूनच पसरली.

आता केंब्रिज. यूथ्रीएची खरी गोष्ट इथली आहे, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो. १९८१ ला तिथे तीन माणसं एकत्र आली. पीटर लॅस्लेट, ट्रिनिटी कॉलेजमधले इतिहासकार. यांचं आधीचं काम म्हणजे पॅरिशच्या म्हणजे गावोगावच्या चर्चच्या जुन्या वह्या, जनगणनेसारख्या याद्या चाळून त्यांनी दाखवून दिलं होतं की इंग्लंडमध्ये कारखाने यायच्या आधीसुद्धा घरं छोटीच होती, आजोबा-काका-पुतणे सगळे एका छपराखाली हे चित्र तिकडे तरी फार मोठ्या प्रमाणावर नव्हतंच. म्हणजे म्हातारपणी सांभाळणारं ‘पूर्वीचं’ भरलेलं घर परत आणू या म्हणण्यात अर्थ नाही, जे नव्हतं ते परत काय आणणार. दुसरे मायकेल यंग, घरबसल्या शिकवणाऱ्या ओपन युनिव्हर्सिटीची कल्पना आधी मांडलेले आणि १९५७ ला ग्राहकांची संघटना उभी केलेले, आयुष्यभर नवनवीन संस्था काढत राहिलेला माणूस. तिसरे एरिक मिडविंटर, म्हाताऱ्यांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या केंद्राचे प्रमुख.

लॅस्लेट यांचं म्हणणं असं, की आयुष्याचे चार टप्पे पडतात. पहिला शिकण्याचा आणि दुसऱ्यावर अवलंबून असण्याचा, दुसरा कमावण्याचा आणि संसाराचा, तिसरा स्वतःच्या मनाप्रमाणे जगण्याचा आणि चौथा परत परावलंबी होण्याचा. तिसरा टप्पा वयाने मोजायचा नाही, ५५ ला येईल नाहीतर ७० ला, आणि तो जितका लांबवता येईल तितका चौथा पुढे ढकलला जातो. आपल्याला हे ऐकताना चार आश्रम आठवणार हे उघड आहे, पण तिकडचा तिसरा वानप्रस्थ नाही हां, उलट माणसांत जाऊन बसायचं, सोडायचं काही नाही.

तिघांनी तुलूझचं मॉडेल जसंच्या तसं उचललं नाही. एक तर तेव्हा थॅचरबाईंचं सरकार, युनिव्हर्सिट्यांची ग्रँट कापली जात होती, रिटायर लोकांसाठी प्रोफेसर आणि हॉल कोण देणार. आणि दुसरं म्हणजे त्यांना ते नकोच होतं. जन्मभर काम केलेल्या माणसांकडे एवढं साठलेलं असतं तर त्यांनाच एकमेकांना शिकवू दे, जो आज शिकवतो तो उद्या दुसऱ्याच्या वर्गात शिकायला बसेल, हे तत्त्व त्यांनी पहिल्याच मसुद्यात लिहून टाकलं. शिकवणाऱ्याला पैसे नाहीत. यायला शिक्षणाची अट नाही. पदवी देणार नाही. १९८२ च्या मार्चमध्ये केंब्रिजला ईस्टरच्या सुट्टीत पहिली शाळा भरवली, तिथून गावोगावी गट व्हायला लागले आणि १९८३ ला सगळ्यांना बांधणारा ट्रस्ट झाला. प्रत्येक गावचा यूथ्रीए स्वतंत्र, त्याची कमिटी त्याची, पैसे त्याचे, वरच्या ट्रस्टला दर डोई थोडी वर्गणी द्यायची आणि विमा, सल्ला वगैरे घ्यायचा, बास. आज ब्रिटनमध्ये असे हजारच्या आसपास यूथ्रीए आहेत आणि मेंबर काही लाख.

आतून ते चालतं कसं तर विषयाप्रमाणे छोटे छोटे गट. समजा कोणाला गावाचा इतिहास शोधायचाय, तो नाव देतो, अजून आठ-दहा जण मिळाले की गट झाला. मग नुसतं वाचायचं नाही, जुन्या दफनभूमीतले दगड वाचत फिरायचं, बंद पडलेल्या कालव्याच्या काठाने चालायचं, संध्याकाळी कोणाच्या तरी स्वयंपाकघरात बसून टिपणं जुळवायची. म्हणूनच तिकडे सहल ही वर्षातून एकदा काढायची वेगळी गोष्ट राहिली नाही, चालण्याचा गट दर आठवड्याला निघतो आणि तो वर्गच असतो. यावर टीकाही झालीये आणि ती खोटी नाही, मेंबरांत मास्तर, नर्स, ऑफिसात काम केलेले असे मध्यमवर्गीय जास्त, खाणीत आणि कारखान्यात आयुष्य गेलेले कमी.

१९८४ ला हे मेलबर्नला पोचलं, १९८९ ला न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला. चीनने भलताच मार्ग घेतला, तिथे १९८३ ला शांतुंग प्रांतात जिनान शहरात ज्येष्ठांची पहिली युनिव्हर्सिटी निघाली ती सरकारी आशीर्वादाने, सक्तीने रिटायर केलेल्या पक्षाच्या जुन्या कार्यकर्त्यांना काहीतरी काम हवं म्हणून, आणि नंतर ती सामान्य लोकांना खुली झाली. कॅलिग्राफी, चित्रं, गाणं, ताई ची (संथ हालचालींचा चिनी व्यायाम) असले वर्ग, आणि ॲडमिशनला रांगा.

आता आपल्याकडे या. आपली मुळं दोन, आणि दोन्ही तुलूझपेक्षा कितीतरी जुनी. एक म्हणजे व्याख्यानमाला. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात १८७५ ला वसंत व्याख्यानमाला चालू केली, आणि तो साचा महाराष्ट्रभर गेला, तालुक्याच्या गावालासुद्धा एखादी व्याख्यानमाला असतेच. पाहुणे वक्ते, अध्यक्ष, हार, आभारप्रदर्शन. दुसरं मूळ भजनी मंडळाचं, त्याच्याकडे या दृष्टीने कोणी बघत नाही. दुपारी कामं आटपून बायका एकीच्या घरी जमतात, चाल जिला येते ती शिकवते, पेटी एक जण धरते, दुसरी टाळ, आणि वारीला नाहीतर आळंदी-देहूला सगळ्या मिळून जातात. पगारी मास्तर नाही, परीक्षा नाही, शिकणं आणि जाणं एकत्र. केंब्रिजच्या तिघांनी कागदावर लिहिलं ते आपल्या आज्या न लिहिता करत होत्या असं मी म्हटलं तर कोणी म्हणेल हा आपलं ते भारी म्हणणारा माणूस आहे, पण रचना बघा ना, तीच आहे.

ज्येष्ठ नागरिक संघ झाले ते मात्र पहिल्या मुळावर. १९८० च्या सुमाराला राज्यातल्या संघांचा महासंघ, म्हणजे फेस्कॉम, उभा राहिला. तोवर सरकारी नोकरी, बँका, एलआयसी, शाळा यातून पेन्शन घेऊन बाहेर पडणारी पहिली मोठी पिढी तयार झालेली होती, या लोकांना मीटिंग, मिनिट्स, ठराव, हिशोब सगळं जमत होतं, त्यामुळे संघ झटपट उभे राहिले आणि त्यांचं रूपही ऑफिससारखंच झालं. महिन्याची सभा, त्या महिन्यातले वाढदिवस, एक व्याख्यान (बहुतेक वेळा गुडघे, डायबेटिस नाहीतर मृत्युपत्र), पंचाहत्तरीचा सत्कार, कोजागिरी आणि वर्षाची एक सहल. १९९९ हे युनोने ज्येष्ठांचं वर्ष म्हणून जाहीर केलं, त्याच वर्षी केंद्राचं राष्ट्रीय धोरण आलं, मुंबईत गिरगाव चौपाटीला नाना-नानी पार्क झालं, आणि पुढे पुणे, पिंपरी-चिंचवडकडे महापालिकेची विरंगुळा केंद्रं निघाली. जागेचा प्रश्न थोडा सुटला. पण जागा मिळाली तरी खुर्च्या स्टेजकडेच तोंड करून राहिल्या.

याला एक सणसणीत अपवाद म्हणजे हास्य क्लब. डॉक्टर मदन कटारियांनी १९९५ च्या मार्चमध्ये अंधेरीला लोखंडवालाच्या बागेत पाच जणांना घेऊन चालू केला. आधी जोक सांगायचे, काही दिवसांत चांगले जोक संपले आणि चावट जोकवर बायका नाराज व्हायला लागल्या, मग जोकच बंद करून नुसतं हसायचं ठरलं. त्याला ना हॉल लागतो ना वक्ता, बघून बघून कोणीही चालवायला शिकतो, म्हणून तो शंभराहून जास्त देशांत गेला.

या सगळ्यात कोण येत नाही हेही बोलायला पाहिजे. केंब्रिजला ती पहिली शाळा भरली त्याच १९८२ च्या जानेवारीत मुंबईत गिरणी संप चालू झाला आणि लाखो कामगारांची ‘रिटायरमेंट’ चाळिशी-पन्नाशीतच होऊन गेली, वॉचमनकी नाहीतर भाजीची गाडी. प्रॉव्हिडंट फंडवाल्या पेन्शनची किमान रक्कम २०१४ ला महिना १००० रुपये ठरली. एवढ्यावर तिसरा टप्पा कसला चालू होतोय, माणूस कामच सोडू शकत नाही. संघाच्या यादीत ही माणसं दिसत नाहीत ती काही आळसाने नाही.

आणि सहल. माझं मत विचाराल तर आपल्या संघांतलं एकमेकांना शिकवणं खरं होतं ते बसमध्ये. कार्ले-भाज्याला, लेण्याद्रीला नाहीतर एखाद्या धरणावर गेलं की इरिगेशनमधून रिटायर झालेले साहेब दरवाजे कसे उघडतात, पाणी कुठल्या तालुक्याला किती सोडतात हे असं सांगतात की कुठल्या व्याख्यानात ऐकायला मिळणार नाही, मागच्या सीटवर कोणी रानभाज्या ओळखायला शिकवत असतं, आणि याची नोंद संघाच्या अहवालात कधीच येत नाही, तिथे फक्त ‘सहल उत्साहात पार पडली’.

सहलीचं गणित मात्र तिकिटावर चालतं. रेल्वेत पुरुषांना साठीनंतर ४० टक्के आणि बायकांना ५८ नंतर ५० टक्के सवलत होती, ती मार्च २०२० मध्ये करोनात बंद झाली ती परत आलीच नाही. उलट एसटीने ऑगस्ट २०२२ पासून ७५ च्या पुढे प्रवास फुकट केला, ६५ ते ७५ ला अर्धं तिकीट होतंच, आणि मार्च २०२३ पासून सगळ्याच बायकांना अर्धं. त्यामुळे लांबच्या रेल्वेच्या ट्रिपा ज्यांनी कमी केल्या त्या संघांनी जिल्ह्यातल्या जिल्ह्यात लाल परीने जायला सुरुवात केली, आणि त्या अख्ख्या ग्रुपमध्ये फुल तिकीट काढणारे उरले फक्त नुकतेच रिटायर झालेले, साठ ते पासष्टमधले पुरुष, सामान उचलायलाही तेच.