प्राइमर आलाच नाही, की आला पण बसला नाही?

काडतुसं भरायच्या प्रेसवर बिनप्राइमरची पुंगळी (काडतुसाचं रिकामं कवच, ज्यात दारू पेटवणारी छोटी टोपी म्हणजे प्राइमर बसलेलाच नाही) पुढच्या स्टेशनवर, म्हणजे पुढच्या टप्प्यावर सरकते, तिच्या बुडाच्या भोकातून बंदुकीच्या दारूचे दाणे पुंगळ्या धरणाऱ्या शेलप्लेटवर सांडतात आणि माणूस लगेच म्हणतो, ‘प्राइमर फीड गंडलंय.’ मग प्राइमर वाहून आणणारी स्लाइड उघडणं, स्प्रिंग बदलणं, नळीला टिचक्या मारणं सुरू होतं. अमेरिकेत घरी काडतुसं भरणाऱ्या आमच्या ओळखीतल्या प्रत्येकाकडून मी हे वाक्य ऐकलं आहे आणि निम्म्याहून जास्त वेळा फीड ठणठणीत असतं. दोन वेगळ्या दुखण्यांना एकच नाव दिल्यामुळे औषध चुकीच्या जागी लागतं.

फीड म्हणजे प्राइमरचा नळीतून स्लाइडवरच्या छोट्या कपापर्यंतचा प्रवास. सीटिंग म्हणजे कपातून पुंगळीच्या बुडातल्या खळग्यात, पॉकेटात शिरणं. एका वेळी एकच काम करणाऱ्या सिंगल स्टेज प्रेसवर किंवा हाताच्या प्राइमिंग टूलवर काम केलेल्यांना सीटिंग नव्यानं सांगायला नको. प्राइमर पुंगळीच्या बुडाच्या पातळीपेक्षा ०.००३ ते ०.००५ इंच आत बसला पाहिजे, बोट फिरवलं तर खड्डा जाणवला पाहिजे. एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. गोंधळ होतो तो एकाच झटक्यात सगळे टप्पे करणाऱ्या प्रोग्रेसिव्ह प्रेसवर आल्यावर, कारण तिथे प्राइमर डोळ्यांआड चालतो.

(महाराष्ट्रातल्या नेमबाज वाचकांसाठी एक खुलासा. तुमच्या रायफलीतल्या .२२ रिमफायर काडतुसात वेगळा प्राइमर नसतोच, स्फोटक मिश्रण कडेच्या घडीत भरलेलं असतं, म्हणून ते पुन्हा भरता येत नाही. शिवाय १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार भारतात दारूगोळा बनवायला स्वतंत्र परवाना लागतो. हा लेख अमेरिकेतल्या सेंटरफायर, म्हणजे बुडाच्या मधोमध प्राइमर असलेल्या काडतुसांबद्दल आहे.)

आता नेमकं बघायचं काय? पहिल्या स्टेशनवरची पुंगळी काढून ठेवा. डोळ्यांवर चष्मा हवाच. हँडल खाली न्या, सावकाश वर आणा आणि प्राइमर बसवायला पुढे ढकलण्याआधी थांबा. बॅटरी आणि छोटा आरसा घेऊन कपात बघा. प्राइमर सपाट पडलेला आणि त्याची ऐरण (त्याच्या उघड्या तोंडातला धातूचा छोटा तुकडा) वरच्या बाजूला दिसत असेल, तर फीड निर्दोष आहे. कप रिकामा असेल, प्राइमर तिरका असेल किंवा उलटा पडला असेल, तर दोष फीडचा. प्राइमर चिमट्यानं काढून हेच दहा वेळा करा. दहाच्या दहा वेळा नीट आला, तर स्लाइडला हात लावू नका. या तपासणीला पाच मिनिटं लागतात आणि ती न करता प्रेस खोलणाऱ्यांचा मला खरोखर राग येतो.

हातालाही कळतं. कप रिकामा असताना हँडल पुढे ढकललं की ते हलकं जातं, वाटेत काही लागतच नाही. प्राइमर आला पण पॉकेट त्याला घेत नसेल, तर हँडल मध्येच कडक होतं. इथे जोर लावायचा नाही, कधीच नाही. प्राइमर दाबानं आणि धक्क्यानं उडण्यासाठीच बनवलेला असतो आणि त्याच्या शेजारच्या नळीत आणखी शंभरापर्यंत असतात. नळीभोवती जाड धातूचं कवच देतात ते ती साखळी पेटली तर स्फोट वरच्या दिशेनं जावा म्हणून. अडकलेले प्राइमर वरून सळईनं ठोकून खाली ढकलणारे लोक मी पाहिले आहेत. नळीतल्या प्राइमरवर टेकलेली वरची सळई फक्त स्वतःच्या वजनानं खाली यायची असते, तिच्यावर हात टेकवायचा नाही.

फीडची कारणं मोजकीच आहेत. नळीच्या तोंडाचं प्लॅस्टिकचं टोक झिजलेलं किंवा चिरलेलं असतं. स्लाइडच्या वाटेत कचरा असतो, मग ती पूर्ण मागे जात नाही आणि कप नळीखाली अर्धवटच येतो. किंवा नळी भरतानाच प्राइमर उलटा गेलेला असतो. टोक बदला, वाट कोरड्या कापडानं आणि कापसाच्या काडीनं पुसा. तेल घालू नका. तेलाला दारूचे दाणे आणि जुन्या प्राइमरची काजळी चिकटते आणि तेल प्राइमरपर्यंत पोचलं तर तो निकामी होऊ शकतो. ‘थोडंसं तेल सोडलं, मग छान चाललं’ हे मला मान्य नाही. ते छान चालणं फार टिकत नाही.

सीटिंगच्या कारणांची यादी मात्र लांब आहे आणि त्यातली बरीचशी पुंगळीत असतात, प्रेसमध्ये नसतातच. सैनिकी पुंगळ्यांच्या पॉकेटाभोवती प्राइमर घट्ट धरून ठेवायला क्रिंप केलेला असतो, म्हणजे कड आत दाबलेली असते. तो काढला नाही, तर नवा प्राइमर कडेवरच अडतो. कधी जुना प्राइमर सुटतो, पण त्याला बाहेर ढकलणाऱ्या डिकॅपिंग पिनला चिकटून परत वर ओढला जातो आणि पुन्हा पॉकेटात बसतो. कधी पिन जुन्या प्राइमरच्या मधून आरपार जाते आणि त्याची कडी आतच राहते. कधी पिनच मोडलेली असते. बर्डन पद्धतीची पुंगळी मिश्र ढिगात आली की पिन हमखास अडचणीत येते, कारण तिच्या बुडात मधोमध एक भोक नसून दोन छोटी भोकं असतात आणि मध्ये ऐरण असते. आपण वापरतो त्या मधोमध एकच भोक असलेल्या बॉक्सर पद्धतीचा एडवर्ड बॉक्सर ब्रिटिश होता आणि हायरम बर्डन अमेरिकी. दोघांची पेटंटं १८६६ मधली. तरी अमेरिकेत बॉक्सर रुजला आणि युरोपात बर्डन.

सगळ्यात फसवी .४५ एसीपी या पिस्तुलाच्या काडतुसाची पुंगळी. वर्षानुवर्षं तिला ०.२१० इंचाचा मोठा प्राइमर असायचा. आता काही कारखाने ०.१७५ इंचाचा छोटा वापरतात. बाहेरून पुंगळ्या सारख्याच दिसतात. मोठ्या प्राइमरवर लावलेल्या प्रेसमध्ये छोट्या पॉकेटाची पुंगळी आली, तर हँडल कडक होतं, ते निदान कळतं तरी. उलट झालं, तर छोटा प्राइमर मोठ्या पॉकेटात अलगद शिरतो आणि दोन स्टेशनं पुढे गळून पडतो. बघणाऱ्याला पुंगळी रिकामी दिसते आणि तो फीडला शिव्या घालतो. खूप वेळा वापरून पॉकेट सैल झालेल्या पुंगळीतही असंच होतं. टेबलावर किंवा शेलप्लेटखाली न चेपलेला अख्खा प्राइमर सापडला, तर आधी या शक्यता तपासा.

दोन्ही दुखणी एकमेकांत मिसळण्याचं खरं कारण यापुढे येतं. सीटिंग चुकलं की पुंगळी बिनप्राइमरची पुढे जाते, पुढच्या स्टेशनवर तिच्यात दारू पडते आणि फ्लॅश होलमधून, म्हणजे बुडाच्या भोकातून गळते. हे बारीक दाणे शेलप्लेटखाली आणि स्लाइडच्या वाटेत जातात. मग स्लाइड अडते आणि पुढचा प्राइमर खरोखरच येत नाही. म्हणजे पहिली चूक सीटिंगची, दुसरी फीडची. आपण थांबतो ते दुसरीवर, म्हणून पहिली कधी सापडत नाही. दाणा कपात, प्राइमर वर ढकलणाऱ्या सीटिंग पंचवर पडला, तर पुढच्या प्राइमरच्या तोंडावर खळगाही उमटतो.

माझ्या बाबतीत हे नऊ एमएमच्या काडतुसांना झालं. तीन संध्याकाळी स्लाइड काढून पुसली, नळीचं टोक बदललं, स्प्रिंगही बदलली. दर वेळी तीस-चाळीस फेऱ्या नीट जायच्या आणि मग पुन्हा तेच. चौथ्या दिवशी नापास पुंगळ्या एका डबीत जमवल्या आणि त्यांच्या बुडाचे शिक्के वाचले. सगळ्या सैनिकी, सगळ्यांना क्रिंप. तेव्हापासून मी पहिली नापास पुंगळी बाजूला काढून तिचं बूड बघितल्याशिवाय प्रेसला हात लावत नाही.

अर्धवट बसलेल्या, वर आलेल्या प्राइमरबद्दल थोडं. रिव्हॉल्वरमध्ये त्यानं सिलिंडर फिरायचा अडतो. पिस्तुलात पहिल्या ठोक्यात प्राइमर फक्त आत सरकतो आणि दुसऱ्या ठोक्याला उडतो. लोक बंदुकीच्या स्प्रिंगला नावं ठेवतात. ज्या अर्धस्वयंचलित रायफलींची फायरिंग पिन (प्राइमरवर ठोका देणारी पिन) मोकळी हलते, एम-१ गॅरंडसारख्या, त्यांत तर बोल्ट बंद होतानाच काडतूस उडू शकतं.

क्रिंप काढायला दोन रस्ते आहेत: कापून काढणं किंवा दाबून कड गोल करणं. मी दाबणं पसंत करतो. हातानं कापताना कटर जरा तिरका धरला गेला की पॉकेटाचं तोंड एका बाजूला रुंद होतं आणि मग तिथे प्राइमर सैल बसतो. दाबताना धातू जात नाही, फक्त सरकतो. सैनिकी शिक्क्याच्या पुंगळ्या मी ढिगातून वेगळ्या काढतो, दाबल्यानंतर वेगळ्या डब्यात ठेवतो आणि त्या डब्यातल्याच प्रेसवर चढवतो.